काळू पिवळा कसा पडला

१

साहेब, तुम्ही माझ्या बहिणीला चोर ठरवलंत, आणि त्यासाठी तुम्हाला साधी शेगडीसुद्धा तापवावी लागली नाही. शेगडी तिथेच होती, तुमच्या कोपरापाशी. एक बटण दाबायचं होतं. तेवढी तसदीही तुम्ही एका बाईच्या अब्रूसाठी घेतली नाहीत. हे मी चारचौघांत लिहितोय, कारण तुम्ही तिला चारचौघांत चोर म्हणालात.

आता वाचणाऱ्यांसाठी पहिल्यापासून सांगतो.

ताई एका संशोधन संस्थेत स्फटिक वाढवते. पोस्टाच्या तिकिटाएवढी काच आणि तिच्यावर सीझियम, शिसं, आयोडीन यांचा केसाहून कितीतरी पातळ थर. हा थर काळा असला तर गुणाचा. तो उजेड पिऊन वीज देतो, आणि जांभळ्या टॉर्चखाली धरला तर निखाऱ्यासारखा लाल उजळतो. पण काळं राहणं त्याच्या जिवावर येतं. कुणाच्याही हातचा असो, थंड होऊन जरा ओल लागली की तो पिवळा पडतो, आणि पिवळा पडला की कामातून गेला. ताईनं त्यात असं काही मिसळलं की तिचा चौकोन कोरड्या डबीत महिनोन्महिने काळाच राहिला. घरी आम्ही त्याला काळू म्हणायचो. फोनवर आई आधी विचारायची, "काळू बरा आहे ना?" आणि मग, "तू जेवलीस का?"

काळूची डबी चपटी होती. झाकण नारिंगी काचेचं. तळाशी ओल शोषणारे दाणे, कोरडे असले की निळे, ओल प्यायले की गुलाबी. डबी कपाटात, कपाटाला कुलूप.

बाहेरचे तज्ज्ञ काळूची मापं घ्यायला येणार, त्या दिवशी सकाळी कपाट उघडलं. डबी जागेवर, झाकण घट्ट. आत पिवळा चौकोन.

खोलीत चौघं होती. ताई. कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारे किल्लीकाका. ताईबरोबर काम करणारा संशोधक, ज्याला सगळे 'आत्ताच' म्हणतात, कारण कुठूनही हाक मारा, "आत्ताच आलो" म्हणतो आणि येत नाही. आणि विभागाचे साहेब.

"हा आपला नव्हेच," साहेब म्हणाले. "कुणीतरी काळू उचललाय आणि शिशाचं पिवळं मीठ फासलेली काच इथं ठेवलीय."

"साहेब, तोच असेल. शेगडीवर ठेवून बघू या, तापला की लगेच कळेल," ताई म्हणाली.

"पुराव्याला हात लावायचा नाही! बंद डबीत, एका रात्रीत पिवळा? महिनोन्महिने टिकतो म्हणून तूच लिहिलंयस ना? मग एक तर तुझं संशोधन खोटं, नाहीतर तू खोटी."

"त्या कोपऱ्यात अजून काळी कड आहे, बघा तरी!"

"मला दिसत नाही." साहेबांनी एक पाकीट घेतलं, फू करून उघडलं, चौकोन आत सरकवला आणि पाकीट चिकटवून टाकलं.

दुपारपर्यंत दाराशी ताईचं ओळखपत्र काढून घेतलं गेलं. दुसऱ्या एका कंपनीनं तिला मुलाखतीला बोलावलं होतं, हे साहेबांनी सगळ्यांना आवर्जून सांगितलं. काळू तिनं तिकडे विकला, असं ते म्हणाले नाहीत. ऐकणाऱ्यांना म्हणायला लावलं.

२

इथून पुढचं मी उपकार मानण्यासाठी लिहितोय. राग आहेच, पण उपकार त्याहून मोठे.

मामी आली. मामीनं उभी हयात संग्रहालयात जुनी चित्रं साफ करण्यात घालवली. चित्रावरचा डाग मुळातला की नंतरचा, हे ठरवणं तिचं काम. निवृत्त झाली तरी माणसांकडेही ती तशीच बघते. संस्थेनं चौकशी बसवली होती, आणि सोबत घरचं एक माणूस आणायची मुभा होती. आई म्हणाली वकील नेऊ. ताई म्हणाली मामी.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मामीनं ताईसमोर चहा ठेवला. "रडून झालं असेल तर समजावून सांग. काळा आणि पिवळा, दोन वेगळे पदार्थ?"

"नाही गं. तेच अणू, तेवढेच. फक्त मांडणी वेगळी. त्याच खुर्च्या गोल मांडल्या की गप्पा होतात आणि रांगेत मांडल्या की भाषण, तसं." ताईनं साखरेचे चौकोन घेतले. "आयोडीनचे आठ पैलूंचे पिंजरे असतात, प्रत्येकात शिसं. ते कोपऱ्याला कोपरा टेकवून उभे राहिले की काळू. वीज त्यांच्यातून मोकळी फिरते, उजेड आत मुरतो. कडेला कड चिकटवून रांगेत बसले की पिवळा. मग सगळं ठप्प."

"आणि ओल?"

"ओल म्हणजे आगलावी नणंद. एकदा घरात शिरली की सगळी मांडणी फिरवते."

"नणंदेचं मला सांगू नकोस. तुझी आई माझी नणंद आहे."

"मी इथेच आहे," ओट्यापाशी उभी आई म्हणाली. त्या आठवड्यात आम्ही पहिल्यांदा हसलो ते तेव्हा.

मग मामी गंभीर झाली. "जुन्या चित्रांत शिशाचा पांढरा रंग असतो. तो कधीकधी काळा पडतो. म्हणून कुणी चित्र चोरीला गेलं असं म्हणत नाही. शिसंच ते, हवेबरोबर तोंड फिरवतं. बरं, चोरी ठरली तर तुझं काय?"

"मग कुठलीच प्रयोगशाळा मला दारात उभी करणार नाही. मामी, मला दुसरं काही येत नाही. आणि यायलाही नकोय."

मामीनं तिच्या हातावर हात ठेवला. "ती काळी कड. खरंच पाहिलीस?"

"खरंच."

"आणि पिवळा भाग कुठे होता? आकार दाखव."

ताईनं सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर चौकोन काढला. चौकोनाच्या मधोमध एक गोल, पसरत कडांपर्यंत गेलेला. फक्त एक कोपरा कोरडा.

मामीचा कप ओठांपाशीच थांबला. "झाकणाच्या फटीतून ओल शिरली असती तर पिवळं कडेकडून आत आलं असतं. हे मधून बाहेर गेलंय." तिनं कप खाली ठेवला. "पोरी, ओल आपणहून शिरलेली नाही. कुणीतरी ती बरोबर मधोमध टाकलीय."

३

मी मामीला संस्थेच्या फाटकापाशी सोडायचो आणि बाहेरच्या बाकावर बसायचो. किल्लीकाका त्याच बाकावर डबा खायला येत.

"काका, आदल्या दिवशी डबी कपाटाबाहेर गेली होती?" मामीनं विचारलं.

"गेली होती. दुपारी पाहुणे आले, साहेब घेऊन गेले. संध्याकाळी त्यांनीच परत दिली, मी कुलूप लावलं."

"झाकण?"

"बंद."

"आतले दाणे?"

काकांनी घास खाली ठेवला. "मावशी, माझी निवृत्ती तोंडावर आलीय."

"म्हणून तर विचारतेय. उरलेलं आयुष्य दाणे आठवत काढायचंय का?"

काकांनी पाण्याचा घोट घेतला. मग म्हणाले, "सकाळी निळे होते. संध्याकाळी गुलाबी. मला वाटलं, असतील तसे." आणि डबा बंद करता करता, "आणखी एक. मुद्दाम चुगली नाही, पण त्या संध्याकाळी आत्ताच मागच्या जिन्यानं गेला. शर्टाखाली काहीतरी दाबलं होतं. चपटं."

तेवढ्यात आत्ताच समोरून येताना दिसला. मामीनं हात वर केला. त्यानं आमच्याकडे पाहिलं, चेहरा उतरला, "आत्ताच आलो" म्हणाला आणि वळून पळत सुटला.

मामी पळाली नाही. ती मागच्या जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिली. तो तिच्यावरच येऊन आदळला.

"शर्टाखाली काय होतं?"

"काही नाही."

"काही नाही चपटं नसतं, बाळा."

तो पायरीवर बसला. "काळूचा जुळा. एकाच वेळी, एकाच भांड्यात केलेला. जास्तीचे चौकोन मोडून टाकायचा नियम आहे. माझा हात होईना. मी तो टेबलाच्या खणात लपवला होता. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ येणार, खण तपासतील म्हणून घरी नेला. मी काळू चोरला नाही, शपथ."

"तो जुळा अजून काळा आहे?"

"कुळकुळीत. कोरड्या डबीत आहे."

"चौकशीला घेऊन ये."

"माझी नोकरी जाईल!"

"तिची गेलीच आहे," मामी म्हणाली. "ये, नाहीतर येऊ नकोस. मी जबरदस्ती करणार नाही. पण तुला 'आत्ताच' का म्हणतात ते मला कळलंय. ते खोटं ठरवायची एवढीच संधी आहे तुला."

गाडीत मी विचारलं, "येईल तो?"

"त्याच्या आईला ठाऊक," मामी म्हणाली.

४

चौकशीच्या खोलीत बाहेरून आलेल्या अध्यक्षबाई होत्या, साहेब होते, किल्लीकाका होते आणि आम्ही. मलाही आत येऊ दिलं. गप्प बसायच्या अटीवर. कोपऱ्यात हातमोजे बसवलेली कोरड्या हवेची काचपेटी, आत छोटी विजेची शेगडी. आत्ताचची खुर्ची रिकामी.

मामीनं सुरुवात अशी केली की मला वाटलं हिची मती फिरली.

"साहेब, काळू पाहून पाहुणे भारावले म्हणे?"

साहेब खुलले. "भारावले? टाळ्या वाजवल्या! मी जांभळा टॉर्च धरला आणि असा लाल उजळला, असा! मग चांगला तास-अर्धा तास त्याचाच विषय." त्यांनी चष्मा काढला, काचांवर फू केलं, रुमालानं पुसला.

"डबी उघडलीत?"

"छे! मी काय काल रुजू झालोय? झाकण एकदाही काढलं नाही."

"वा," मामी म्हणाली. मग अध्यक्षबाईंकडे वळली. "आता ते पाकीट उघडा आणि चौकोन शेगडीवर ठेवा. साहेब म्हणतात हे शिशाचं पिवळं मीठ आहे. तसं असेल तर तापून थंड झाल्यावर पिवळंच राहील. माझी भाची म्हणते हा काळू आहे. काळू असेल तर तो काळा होऊन दाखवेल."

"पुराव्याची नासधूस होईल," साहेब म्हणाले.

"पुरावा बोलणार असेल तर त्याचं तोंड कशाला दाबायचं?" अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि त्या वाक्यासाठी मी त्यांचाही ऋणी आहे.

चौकोन काचपेटीत गेला. ताईनं हातमोज्यांत हात घातले. चिमट्यानं चौकोन शेगडीवर ठेवला. शेगडी तापली. पिवळा रंग आधी गढुळला. मग एका कडेनं सावली आली, चौकोनभर पसरली. आणि तिथे काळाभोर चौकोन होता.

"थंड होऊ द्या," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

थंड झाला. काळाच राहिला. किल्लीकाकांनी दिवे मालवले आणि अध्यक्षबाईंनी काचेबाहेरून जांभळा टॉर्च धरला. काळू लाल उजळला.

"काळू!" माझ्या तोंडून निघून गेलं. अट मोडली, पण कुणी रागावलं नाही. ताई हातमोज्यांत हात तसेच ठेवून रडत होती, त्यामुळे तिला डोळे पुसता येईनात. मामीनं पदरानं पुसले.

दिवे लागले. साहेबांनी घसा खाकरला.

"ठीक. चोरी नाही झाली. आनंद आहे. म्हणजे निष्काळजीपणा झाला. डबी हिच्या ताब्यातली, ओल शिरली ती हिच्या बेफिकिरीनं. बेफिकीर माणसाला मी असं काम देऊ शकत नाही."

चोर नाही तर बेफिकीर. शिक्का बदलला, दार बंद ते बंदच.

५

"तो नारिंगी टॉर्च देता का?" मामी म्हणाली.

"टॉर्च जांभळा आहे," ताई म्हणाली.

"हो का? मग नारिंगी काय आहे?"

"झाकण."

"झाकण," मामी म्हणाली. "जरा काळू डबीत ठेव. झाकण लाव. दिवे घालवा. आता वरून टॉर्च धर."

अंधारात आम्ही वाकून पाहत राहिलो. काही नाही. जांभळा प्रकाश नारिंगी काचेत शिरला आणि तिथेच मेला. काळू झोपलेला.

"नारिंगी काच जांभळा उजेड आत जाऊ देत नाही," ताई हळूच म्हणाली. "म्हणून तर तसलं झाकण लावतो." मग तिलाच कळलं ती काय बोलली ते, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"मग पाहुण्यांनी टाळ्या कशाला वाजवल्या, साहेब?" मामीनं विचारलं. "झाकणाला?"

दिवे लागले तेव्हा साहेबांच्या कपाळावर घाम होता. "क्षणभर उघडलं असेल. नुसत्या हवेनं एवढं होत नाही. आणि मधोमध गोल डाग पडला, असं हीच म्हणते. हवा काय नेम धरून पडते?"

"हवा नाही धरत," मामी म्हणाली.

दार उघडलं. आत्ताच उभा होता, छातीशी डबी घट्ट धरून. धापा टाकत म्हणाला, "आलो." नुसतं "आलो". त्या एका गाळलेल्या शब्दासाठी मी त्याला जन्मभर विसरणार नाही. त्यानं अध्यक्षबाईंसमोर डबी ठेवली आणि आपला गुन्हा सांगून टाकला. "काळूचा जुळा. मोडायला सांगितला होता. मी मोडला नाही. काय करायचं ते करा."

मामीनं ती डबी उचलली, झाकण काढून उजेडात पाहिली, झाकण परत लावलं आणि डबी साहेबांपुढे केली. "पाहुण्यांना कसं दाखवलंत, ते आम्हालाही दाखवा ना. आम्हीही पाहुणेच."

साहेब क्षणभर थांबले. पण पाहुण्यांना दाखवायचं म्हटलं की माणूस फुलतो. त्यांनी टॉर्च घेतला. झाकण काढलं. चौकोनावर मामीच्या शालीचा एक बारीकसा धागा पडला होता. साहेबांनी चष्मा सरकवला, वाकले, आणि...

फू.

साहेब वाकलेलेच राहिले. चौकोनावर श्वासाचा धुरकट गोल उमटला आणि विरला. मामीनं ती डबी टेबलाच्या मध्यभागी सरकवली. "चहा मागवा. जरा वेळ लागेल."

चहा आला. साहेबांनी कप उचलला, ओठ पुढे केले, आणि कप तसाच ठेवून दिला.

चहा संपेपर्यंत काळ्या चौकोनाच्या बरोबर मधोमध पिवळा ठिपका दिसू लागला. मग तो वाटाण्याएवढा झाला. कडेनं आत येत नव्हता. मधून बाहेर जात होता.

"दमट हवा काळू काही काळ सोसतो," ताई म्हणाली. तिचा आवाज आता संशोधकाचा होता. "पण श्वासात पाणी असतं. ते थेट थरावर बसलं की तिथल्या पिंजऱ्यांची मांडणी बदलते, आणि एकदा एका जागी बदलली की शेजारीपाजारी बदलत जातात. पुढे रात्रभर. डबी उघडी राहिल्यामुळे दाणेही आधीच ओल पिऊन बसले होते. ते मदतीला आले नाहीत."

"साहेब वाईट नाहीत," मामी अध्यक्षबाईंना म्हणाली. "दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकही फुंकून पितात. हे सगळंच फुंकतात. पाकीट, चष्मा, चहा. भाची मला घडलेलं सांगत होती, तेव्हा साहेबांनी पाकीट फू करून उघडलं हे ती सहज बोलून गेली. मला तेवढंच पुरलं."

"आणि तो धागा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"शाल जुनी आहे," मामी म्हणाली. "धागे सुटतात."

जुळा दुसऱ्या दिवशी शेगडीवर चढला आणि पुन्हा काळा झाला. काळजी नसावी.

६

ताई कामावर परत गेली. आत्ताचला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. आता हाक मारली की तो खरंच येतो, त्यामुळे त्याला नवं नाव शोधावं लागणार आहे. किल्लीकाका सन्मानानं निवृत्त झाले. निरोपाला ताईनं त्यांना निळे दाणे भरलेली एक छोटी बाटली दिली. ते म्हणाले, "गुलाबी झाले की तुला फोन करीन."

मामीला मी काय देणार? विचारलं तर म्हणाली, "मला गाडीतून सोडायला येत जा, आणि गाडी हळू चालव." मामी, तू आमच्या घरात मामाचा हात धरून आलीस, ओलीसारखी नाही, उन्हासारखी. आमच्या घराची मांडणी बिघडली नाही ती तुझ्यामुळे. हे तोंडावर सांगितलं तर तू माझी टिंगल करशील, म्हणून इथे लिहितोय.

आता साहेब, तुम्ही.

तुमचं पत्र आलं. "तांत्रिक कारणानं निर्माण झालेला गैरसमज दूर झाला आहे." कोणाचा गैरसमज? तांत्रिक कारणाला नाक आणि ओठ असतात का?

फुंकर मारलीत म्हणून मी तुमच्यावर रागावलेलो नाही. लहानपणी गुडघा फुटला की ताईच माझ्या जखमेवर फुंकर घालायची. फुंकर ही प्रेमाची गोष्ट आहे. सवयीनं घातली असेल, विसरलाही असाल. ते माफ.

पण पिवळा थर तापवला की काळा होतो, हे तुम्ही स्वतः विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवता. त्या सकाळी ताईनं शेगडीकडे बोट दाखवलं. शेगडी तुमच्या कोपरापाशी होती. आणि तुम्ही म्हणालात, पुराव्याला हात लावू नका.

मला एकच विचारायचंय. ते म्हणताना तुम्हाला आदल्या दुपारची फुंकर आठवत होती का?

हो की नाही, एवढंच लिहा. आणि उत्तराचं पाकीट उघडायला फुंकर मारायची गरज नाही. उघडंच पाठवा.